चौदा दिवसांत पत्ता, आठच्या आत कचरा

जपानी विद्यापीठात एक्स्चेंज विद्यार्थी म्हणून राहणारा मुलगा किंवा मुलगी तिथली पदवी घ्यायला गेलेली नसते. नाव आपल्याच विद्यापीठाच्या पटावर राहते, फी इथेच भरलेली असते, आणि दोन विद्यापीठांमध्ये झालेल्या करारानुसार एक सत्र किंवा फार तर एक वर्ष तिकडे शिकायचे असते. यजमान विद्यापीठ शिक्षणशुल्क घेत नाही. त्या बदल्यात त्यांचा विद्यार्थी इकडे येऊ शकतो. तिथे मिळवलेले श्रेयांक, आधी ठरल्याप्रमाणे, इथल्या गुणपत्रिकेत धरले जातात. जपानीत अशा विद्यार्थ्याला 'कोकान र्‍यूगाकुसेई' म्हणतात. चार वर्षांच्या पदवीसाठी गेलेल्याला चुकायला आणि सावरायला वेळ मिळतो. एक्स्चेंजवाल्याच्या हातात मोजके महिने असतात. त्यातला पहिला महिना ज्याचा कागदपत्रांत, कचऱ्यात आणि जेवणाच्या शोधात वाया जात नाही, त्याचे वर्ष सत्कारणी लागते.

जपानमध्ये २०२४ च्या मे महिन्यात ३ लाख ३६ हजारांहून अधिक परदेशी विद्यार्थी शिकत होते. चीन, नेपाळ आणि व्हिएतनाम या तीन देशांचा त्यात मोठा वाटा होता. भारतीयांची संख्या दोन हजारांच्याही आत होती. २०३३ पर्यंत परदेशी विद्यार्थ्यांची संख्या ४ लाखांवर न्यायची, असे तिथल्या सरकारने ठरवले आहे. भारतीय विद्यार्थ्यांनी अजून हा रस्ता फारसा धरलेला नाही. इंग्रजीत शिकवणारे अभ्यासक्रम आता तिथे बरेच आहेत, पण वर्गाबाहेर पाऊल टाकले की जपानीच लागते, हे त्यामागचे एक मोठे कारण असावे.

जपानचे शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. साकुरा, म्हणजे चेरी, फुलण्याचा आणि शाळा-कॉलेज उघडण्याचा काळ तिथे एकच. पहिले सत्र जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला संपते, दुसरे सप्टेंबरअखेर सुरू होऊन जानेवारी-फेब्रुवारीत आटोपते. आपल्याकडचे वर्ष जून-जुलैत सुरू होत असल्याने दोन्ही वेळापत्रके जुळवताना एखादी परीक्षा मध्येच येते. ती परतल्यावर देता येईल का, हे जाण्यापूर्वी विभागप्रमुखांकडून लेखी घेतलेले बरे.

व्हिसाच्या आधी यजमान विद्यापीठ तिथल्या इमिग्रेशन खात्याकडून एक पात्रता प्रमाणपत्र मिळवून पाठवते. ते जोडले की दूतावासाकडून विद्यार्थी व्हिसा मिळतो. नारिता, हानेदा किंवा ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळावर उतरल्यावर पासपोर्टवर शिक्का बसतो आणि हातात 'झाइर्‍यू कार्ड' म्हणजे निवासी कार्ड पडते. नवा विद्यार्थी अर्धवेळ कामाच्या परवानगीचा अर्जही तिथेच, त्याच खिडकीवर देऊ शकतो. बरेच जण थकव्यात हे विसरतात आणि पुढे इमिग्रेशन कार्यालयात रांग लावतात. निवासी कार्ड सतत जवळ बाळगणे कायद्याने बंधनकारक आहे. दुधाची पिशवी आणायला खाली उतरतानाही ते खिशात हवे.

राहायला लागल्यापासून चौदा दिवसांच्या आत स्थानिक पालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. शहरात याला 'शियाकुशो' म्हणतात, मोठ्या शहराच्या प्रभागात 'कुयाकुशो'. दारातच टोकन घ्यायचे, अर्ज भरायचा, आकडा पुकारला की खिडकीवर जायचे. विमानतळावर मिळालेल्या कार्डावर पत्त्याची नोंद झालेली नसते. इथे तो कार्डाच्या मागच्या बाजूला उमटतो. त्याच इमारतीत पुढच्या खिडकीवर राष्ट्रीय आरोग्य विमा घ्यावा लागतो. तीन महिन्यांहून अधिक राहणाऱ्याला तो टाळता येत नाही, आणि टाळूही नये. विमा असला की दवाखान्याच्या बिलातले फक्त ३० टक्के रुग्णाला भरावे लागतात. विद्यार्थ्याचे जपानमधले उत्पन्न नसल्यासारखे असते, म्हणून हप्त्यातही सूट मिळते. वय वीस पूर्ण असेल तर राष्ट्रीय पेन्शन योजनेतही नाव जाते. विद्यार्थ्यांना तिचे हप्ते पुढे ढकलण्याची सोय आहे, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. अर्ज न करणाऱ्याच्या पत्त्यावर पैसे भरण्याच्या चिठ्ठ्या येत राहतात.

या खिडक्यांवर मराठी नावाची पहिली खरी परीक्षा होते. परदेशी नावे जपानीत काताकाना लिपीत लिहितात, आणि जपानीत 'ल' नाही, 'ळ' नाही, जोडाक्षरेही जवळजवळ नाहीत. त्यामुळे कुलकर्णींचे 'कुरुकारुनी' होते आणि पाटलांचे 'पातिरु'. पासपोर्टवर वडिलांचे नाव मध्ये असेल तर तेही कार्डावर येते, आणि अर्जातल्या छोट्या चौकोनांत ते सगळे मावत नाही. आपल्या नावाची काताकाना एकदा नीट ठरवून घ्यावी आणि बँक, विमा, फोन, विद्यापीठ अशी सगळीकडे तीच अक्षरे वापरावी. एका ठिकाणी 'पातिरु' आणि दुसऱ्या ठिकाणी 'पाचिरु' झाले की शिष्यवृत्ती खात्यात जमा व्हायला अडचण येते.

बँक आणि फोन यांचे एक चक्र असते. बँकेत खाते उघडायला जपानी फोन नंबर विचारतात, आणि महिन्याच्या करारावर फोन घ्यायला बँक खाते किंवा क्रेडिट कार्ड विचारतात. शिवाय देशात सहा महिने न झालेल्या परदेशी माणसाला खाते द्यायला बऱ्याच बँका नाखूश असतात. म्हणून बहुतेक विद्यार्थी पोस्टाच्या बँकेत, म्हणजे 'यूचो'मध्ये, खाते काढतात. मोबाइलवरून पैसे देण्याची पद्धत आता तिथे बरीच रुजली आहे, तरी छोटी दुकाने आणि काही दवाखाने अजून रोखीवर चालतात, त्यामुळे पाकिटात नोटा लागतात. या नोटांकडे परदेशी विद्यार्थ्याने जरा निरखून पाहावे. जुलै २०२४ मध्ये आलेल्या नव्या नोटांवर तीन चेहरे आहेत. दहा हजारांच्या नोटेवरचे शिबुसावा एइइची १८६७ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनाला निघालेल्या शिष्टमंडळाबरोबर युरोपात गेले होते. हजाराच्या नोटेवरचे कितासातो शिबासाबुरो बर्लिनला जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत शिकले. पाच हजारांच्या नोटेवरच्या त्सुदा उमेको १८७१ मध्ये, वयाच्या सहाव्या वर्षी, सरकारने अमेरिकेला शिकायला पाठवलेल्या पाच मुलींपैकी सर्वांत लहान. अकरा वर्षांनी परतल्या तेव्हा त्या मातृभाषा विसरल्या होत्या. ती त्यांना पुन्हा शिकावी लागली. १९०० मध्ये त्यांनी मुलींसाठी शाळा काढली, तिचेच आज त्सुदा विद्यापीठ झाले आहे. परक्या देशात शिकून आलेल्यांना जपानने आपल्या नोटांवर जागा दिली आहे, आणि ही गोष्ट मनापासून आदर वाटावी अशीच आहे.

राहण्याची सोय बहुतेक वेळा विद्यापीठाच्या वसतिगृहात, म्हणजे 'र्‍यो'मध्ये होते, आणि मिळाली तर ती सोडू नये. बाहेर खोली घ्यायची तर जामीनदार लागतो, अनामत लागते, आणि बऱ्याच ठिकाणी घरमालकाला परत न मिळणारी भेट म्हणून 'रेइकिन' द्यावी लागते. काही महिन्यांसाठी हा खर्च परवडत नाही. वसतिगृहाची खोली लहान असते. एक पलंग, टेबल, कपाट, काही ठिकाणी आंघोळ आणि संडास मिळून एकच प्लॅस्टिकची मोरी. दारातून आत आल्यावर 'गेन्कान' नावाची खालची पायरी असते. चपला-बूट तिथेच काढायचे आणि टोके दाराकडे करून ठेवायचे. हे मराठी घरातल्या मुलाला वेगळे सांगावे लागत नाही. वेगळे लागते ते पुढचे: संडासासाठीच्या सपाता निराळ्या असतात आणि त्या तिथेच ठेवून बाहेर यायचे असते, आणि तातामीच्या चटईवर सपाताही चालत नाहीत.

सामायिक न्हाणीघर, 'ओफुरो', हा अनेकांना अवघड जाणारा भाग. तिथे कपडे पूर्ण काढून जायचे असते, अर्थात स्त्रिया आणि पुरुष वेगवेगळे. आधी बुटक्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ आंघोळ करायची, सगळा फेस धुवायचा, आणि मगच गरम पाण्याच्या हौदात उतरायचे. हौद धुण्यासाठी नसतो, तो शेकून निवांत होण्यासाठी असतो. तेच पाणी सगळे वापरतात, म्हणून त्यात टॉवेलही बुडवत नाहीत. संकोचाने पहिले काही आठवडे बरेच जण फक्त शॉवरवर भागवतात. थंडी पडली की तेच मुलगे-मुली रात्री दहाला हौदाकडे धावतात, आणि तिथेच जपानी मित्रांशी सगळ्यांत मोकळ्या गप्पा होतात.

कचऱ्याचा विषय इतका मोठा आहे की वसतिगृहाच्या पहिल्या बैठकीत बराच वेळ त्यावरच जातो. प्रत्येक पालिकेचे कचऱ्याचे कॅलेंडर वेगळे. जळणारा कचरा आठवड्यातून दोन दिवस, प्लॅस्टिक एक दिवस, काच-डबे-पेटबाटल्या एक दिवस, न जळणारा महिन्यातून एकदोनदा, असा साधारण ढाचा असतो. पिशव्या त्या दिवशी सकाळी आठच्या आत ठरलेल्या जाळीखाली ठेवायच्या. आदल्या रात्री ठेवल्या तर कावळे फाडतात. काही शहरांत पालिकेच्या नावाच्याच पिशव्या विकत घ्याव्या लागतात. पाण्याच्या बाटलीचे पाहा. झाकण काढायचे, वरचे लेबल सोलायचे, ती दोन प्लॅस्टिकमध्ये टाकायची, बाटली आतून धुवायची, पायाने चेपायची आणि मग बाटल्यांच्या डब्यात. दुधाचा खोका धुवून, कापून, उलगडून, वाळवून देतात. चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी गाडीवाला नेत नाही. तिच्यावर 'हे नेता येत नाही' अशी चिठ्ठी डकवून ती तिथेच ठेवतो, आणि ती कुणाची हे सगळ्या गल्लीला कळते. शिकोकू बेटावरच्या कामिकात्सु या छोट्या गावाने २००३ मध्ये शून्य-कचऱ्याचा संकल्प जाहीर केला; तिथे वर्गवारी ४५ प्रकारांवर गेली. शहरातल्या विद्यार्थ्याला सहा-आठ प्रकार पाठ करावे लागतात. कॅलेंडर फ्रिजच्या दारावर लावले की महिन्याभरात हात आपोआप वळतात. एक्स्चेंजच्या वर्षातून अंगवळणी पडून परत येणारी जी सवय असेल ती हीच, आणि आपल्या शहरांना तिची सगळ्यात जास्त गरज आहे.

जेवणाची अडचण मांसाहारी विद्यार्थ्याला जवळजवळ नसते. विद्यापीठाचे 'गाकुशोकु', म्हणजे उपाहारगृह, दुपारी बाराच्या सुमारास तुडुंब भरते. ट्रे घ्यायचा, भात, सूप, एखादी भाजी आणि मुख्य पदार्थ निवडायचा, पैसे द्यायचे, जेवून झाल्यावर ताटवाट्या स्वतः खिडकीवर नेऊन ठेवायच्या. किमती बाहेरच्यापेक्षा कमी असतात. शाकाहारी विद्यार्थ्याची खरी कसोटी इथे लागते. जपानी स्वयंपाकाचा पाया 'दाशी' नावाचे पातळ सार असते आणि ते बहुतेक वेळा 'कात्सुओबुशी'पासून, म्हणजे वाळवून खिसलेल्या बोनितो माशापासून बनते. मिसो सूप, शिजवलेली पालेभाजी, नूडल्सचा रस्सा, काही ठिकाणी अंड्याची वडीसुद्धा, सगळ्यांत ते असते. 'मांस नको' म्हणून चालत नाही, कारण 'निकु' या शब्दात पुष्कळांच्या मनात मासा येत नाही. 'निकु मो साकाना मो ताबेमासेन', म्हणजे मांसही खात नाही आणि मासाही, असे म्हणावे लागते, आणि तरी दाशीबद्दल निराळे विचारावे लागते. कोम्बु या समुद्रशेवाळाची दाशी मात्र शाकाहारी असते. बौद्ध मठांतले 'शोजिन र्‍योरी' हे पूर्ण शाकाहारी जेवण अप्रतिम असते, पण ते रोजचे नाही आणि विद्यार्थ्याच्या खिशाचेही नाही.

म्हणून वसतिगृहाचे सामायिक स्वयंपाकघर लवकर आपलेसे करावे लागते. टोफू स्वस्त आणि सगळीकडे मिळतो, दूध-दही उत्तम, भाज्या ताज्या पण महाग. सुपरमार्केटमध्ये संध्याकाळी उशिरा तयार पदार्थांवर निम्म्या किमतीच्या चिठ्ठ्या लागतात, तेव्हा विद्यार्थ्यांची गर्दी होते. तांदूळ आखूड आणि चिकट असतो. वरणभाताला तो चालतो, मसालेभाताला रुसतो. मोहरी, हिंग, तूरडाळ यांसाठी टोकियोत शिन-ओकुबोतल्या मसाल्याच्या दुकानांकडे किंवा एदोगावा प्रभागातल्या निशी-कासाईकडे जावे लागते. निशी-कासाईत भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच एदोगावा प्रभागाच्या सभेवर निवडून आले. फोडणी देताना खिडकी उघडी आणि पंखा चालू हवा. छतावरचा धूर ओळखणारा भोंगा मोहरी आणि आग यांत भेद करत नाही.

आणि कोन्बिनी, म्हणजे चोवीस तास उघडे असणारे दुकान. टोकियोच्या तोयोसु भागात सेव्हन-इलेव्हनचे जपानमधले पहिले दुकान १९७४ मध्ये उघडले. आज सगळ्या कंपन्या मिळून देशभर पन्नास हजारांहून अधिक कोन्बिनी आहेत. तिथे ओनिगिरी, म्हणजे सारण भरलेला भाताचा गोळा, मिळते, पैसे काढता येतात, विजेचे आणि विम्याचे बिल भरता येते, कागदाच्या प्रती निघतात, सामान कुरिअरने पाठवता येते. शाकाहारी माणसाने ओनिगिरी घेताना आत 'उमे', म्हणजे आंबट-खारट आलुबुखार, असलेली शोधावी. पाकिटामागचे घटक मात्र एकदा तरी वाचून घ्यावेत.

अभ्यासाकडे वळायचे तर तासिका साधारण ९० मिनिटांची, काही विद्यापीठांत १०० मिनिटांची. हजेरीला महत्त्व असते आणि उशीर हा अनुपस्थितीच्या जवळपास मोजला जातो. वर्ग शांत असतो. प्राध्यापकांनी 'काही शंका?' म्हटल्यावर कुणी हात वर करत नाही. शंका तास संपल्यावर, टेबलापाशी जाऊन विचारली जाते, किंवा तासाच्या शेवटी द्यायच्या छोट्या कागदावर लिहिली जाते. ही शांतता म्हणजे अनास्था असे परदेशी मुलांना सुरुवातीला वाटते, ते चूक आहे. 'झेमी' नावाच्या छोट्या गटात, दहा-पंधरा जणांच्या टेबलाभोवती, तीच मुले बोलू लागतात. एक्स्चेंज विद्यार्थ्याला झेमीत बसायची संधी मिळाली तर ती सगळ्या व्याख्यानांपेक्षा मोलाची समजावी. बऱ्याच विद्यापीठांत नव्या परदेशी विद्यार्थ्याला पहिल्या सत्रासाठी एक जपानी विद्यार्थी मदतनीस म्हणून नेमून दिलेला असतो. पालिकेच्या खिडकीवर तो बरोबर असला की निम्मे काम हलके होते.

भाषेच्या बाबतीत मराठी विद्यार्थी दोन पावले पुढून सुरुवात करतो, आणि हे त्याला कुणीतरी आधीच सांगायला हवे. जपानी अक्षरांचा क्रम अ, इ, उ, ए, ओ आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असा आहे. तो कानाला ओळखीचा वाटतो, कारण तो आपल्याच घरचा आहे. संस्कृत मंत्र आणि सिद्धम् लिपी शिकणाऱ्या जपानी बौद्ध भिक्षूंमुळे वर्णमालेची ही मांडणी तिकडे रुजली. 'प'च्या जागी 'ह' दिसतो, कारण आजचा 'ह' फार पूर्वी 'प'सारखा उच्चारला जात असे. वाक्याची रचनाही सारखी. 'वाताशी वा तोशोकान दे होन ओ योमिमासु': मी, ग्रंथालय-त, पुस्तक, वाचतो. शब्द एकामागून एक तसेच ठेवले की मराठी वाक्य तयार. 'दे' आपल्या 'त' प्रत्ययासारखा नामाच्या मागे लागतो, क्रियापद शेवटी येते. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटपासून अनेक खासगी वर्गांपर्यंत जपानी शिकण्याची जी मोठी परंपरा उभी राहिली, तिला रचनेतल्या या साम्याचाही हातभार लागला असणार. पुढे अवघड वाट कांजीची, म्हणजे चिनी चित्राक्षरांची. रोजच्या वापरासाठी सरकारने ठरवलेल्या यादीत २,१३६ कांजी आहेत. आणि त्याहून अवघड 'केइगो', आदरार्थी भाषा. मराठीत 'तू' आणि 'तुम्ही' इतक्यावर निभावते. जपानीत 'खाणे', 'जाणे', 'पाहणे' यांना माणूस पाहून निराळीच क्रियापदे येतात.

वरच्या वर्गातला 'सेन्पाई' आणि खालचा 'कोहाई' हे नाते वयापेक्षा प्रवेशाच्या वर्षावर ठरते. विद्यापीठात मैत्री जमते ती मुख्यतः मंडळांमध्ये, म्हणजे 'साकुरु'मध्ये: गिर्यारोहण, चहाविधी, बॅडमिंटन, सिनेमा, काहीही. 'बुकात्सु' नावाचे क्रीडासंघही असतात, पण त्यांचा सराव जवळजवळ रोज चालतो आणि एका सत्रासाठी आलेल्याला ते सहसा झेपत नाहीत. नव्या सभासदांची भरती एप्रिलमध्ये होते. शरद सत्रात येणाऱ्याला ती चुकते, म्हणून त्याने स्वतःहून मंडळाच्या खोलीत जाऊन विचारावे. नोव्हेंबरच्या आसपास विद्यापीठाचा महोत्सव असतो. तिथे भजीचा स्टॉल लावणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला त्या दिवसानंतर ओळखीची कमतरता राहत नाही. मंडळाच्या रात्रीच्या मेजवानीला 'नोमिकाई' म्हणतात. जपानमध्ये सज्ञान होण्याचे वय २०२२ पासून अठरा झाले, पण मद्य आणि तंबाखूसाठी ते वीसच आहे. न पिणाऱ्याने उलोंग चहा मागवला तर कुणी वावगे मानत नाही.

खर्चासाठी बरेच जण 'बाइतो' करतात. हा शब्द जर्मन भाषेतून आला. परवानगी असलेल्या विद्यार्थ्याला आठवड्याला जास्तीत जास्त २८ तास काम करता येते. विद्यापीठाच्या मोठ्या सुट्टीत दिवसाला ८ तासांपर्यंत. टोकियोत ऑक्टोबर २०२४ मध्ये किमान मजुरी ताशी १,१६३ येन झाली होती, म्हणजे त्या दराने पूर्ण २८ तास भरले तर आठवड्याला साडेबत्तीस हजार येन. पण इतके तास काम करणाऱ्याचे सत्र कामातच संपते. दहा-बारा तास पुरे. बार, पाचिंकोची जुगारगृहे आणि तत्सम ठिकाणी विद्यार्थ्याला काम करता येत नाही, भांडी घासण्याचेही नाही. २८ तासांची मर्यादा दोन ठिकाणची कामे मिळून धरतात, आणि ती ओलांडणाऱ्याचा निवासाचा दर्जाच धोक्यात येतो.

प्रवासासाठी सुइका, पास्मो किंवा इकोका असे कार्ड असते, फाटकावर टेकवले की झाले. डब्यात फोनवर बोलत नाहीत. शेवटची गाडी मध्यरात्रीच्या सुमारास जाते. ती चुकली तर टॅक्सीचे भाडे आठवड्याच्या जेवणाइतके होते. पर्यटकांचा प्रसिद्ध रेल्वे पास विद्यार्थी व्हिसावर मिळत नाही. त्याऐवजी सुट्ट्यांमध्ये निघणारे 'सेइशुन जुहाची' तिकीट घ्यावे. नावात अठरा असले तरी वयाची अट नाही, फक्त साध्या संथ गाड्यांतूनच फिरावे लागते, आणि त्यामुळेच देश नीट दिसतो. गावातल्या गावात सायकल. तिची चोरीविरोधी नोंदणी करून चिकटपट्टी लावून घ्यावी लागते. डबलसीट चालत नाही आणि एका हातात छत्री धरून चालवणेही बेकायदा आहे.

भूकंपाची तयारी पहिल्या आठवड्यातच करून ठेवावी. जपानी हवामान खाते हादऱ्याची तीव्रता शून्य ते सात अशा 'शिंदो' मापनावर सांगते. त्यात पाच आणि सहा यांचे प्रत्येकी दोन भाग असल्याने पायऱ्या दहा होतात. शिंदो तीनला दिवे हलतात आणि वर्गातली जपानी मुले मान वर करून पुन्हा लिहू लागतात. मोठा धक्का येणार असेल तर सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजतात. तेव्हा टेबलाखाली जायचे, धावत सुटायचे नाही. जवळची आसरा घेण्याची जागा कोणती ते पालिकेच्या नकाशात पाहून ठेवावे, उशाशी बॅटरी, पाणी आणि पायात घालायला काहीतरी असावे. रुग्णवाहिका आणि अग्निशमन यांचा क्रमांक ११९, पोलिसांचा ११०.

एकटेपणाबद्दल फार थोडे बोलले जाते. जपानी माणसे विनम्र असतात, मदतीला धावतात, आणि तरी जवळ यायला वेळ घेतात. दोन वाक्ये बोलली की 'तुमचे जपानी छान आहे' असे कौतुक होते आणि संभाषण तिथेच थांबते. नकार स्पष्ट शब्दांत येत नाही. 'चोत्तो…', म्हणजे 'जरा…', असे म्हणून वाक्य अर्धवट सोडले की तो नकार समजायचा. डिसेंबरमध्ये साडेचारलाच अंधार पडतो, आणि घरी फोन करावा तर साडेतीन तासांचा फरक असतो. नोव्हेंबर-डिसेंबर हे महिने पुष्कळांना जड जातात. विद्यापीठाचा समुपदेशन कक्ष त्यासाठीच असतो, तिथे जाण्यात कमीपणा नाही. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसांत देऊळ आणि घर सोडून बहुतेक सगळे बंद होते. तेव्हा कुणी घरी बोलावले तर नक्की जावे.

निघताना सगळे उलट क्रमाने करायचे असते. पालिकेत स्थलांतराची नोंद, विम्याची नोंद रद्द, पेन्शनचा निरोप, फोनचा करार बंद, बँकेचे खाते बंद. सायकल आणि गादी टाकायची तर मोठ्या कचऱ्याची आगाऊ वेळ घेऊन, कोन्बिनीतून चिकटपट्टी विकत आणून ती लावावी लागते. शेवटच्या आठवड्यात वेळ मिळत नाही, म्हणून महिनाभर आधी फोन करावा. विमानतळावर निवासी कार्ड रद्द होते. गुणपत्रिका मागाहून आपल्या विद्यापीठाकडे येते, आणि श्रेयांक धरून घ्यायचा अर्ज विद्यार्थ्यानेच करायचा असतो.

ज्यांना जायचे आहे त्यांनी सुरुवात आपल्याच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षापासून करावी: कोणत्या जपानी विद्यापीठांशी करार आहे, किती जागा आहेत, शिष्यवृत्ती कोणती. एप्रिलच्या सत्रासाठीचे अर्ज बहुधा आधीच्या दिवाळीच्या सुमारास जातात, शरद सत्राचे होळी-पाडव्याच्या आसपास. तोवर हिरागाना आणि काताकाना या दोन्ही लिप्या हाताखालून गेलेल्या असाव्यात. मूळ अक्षरे ४६ आणि ४६. रोज पाच घेतली तर तीन आठवड्यांच्या आत होतात.